बागेतलं पाणी : कोसळणारं आणि साठलेलं

इंग्लंडमधल्या डर्बिशर परगण्यात डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा चॅट्सवर्थ नावाचा भव्य वाडा आहे. वाड्यामागच्या टेकडीच्या उतारावर दगडी पायऱ्यांचा एक लांबलचक धबधबा आहे. ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतंत्रज्ञाने तो १६९६ मध्ये पहिल्यांदा बांधला. काही वर्षांतच तो आणखी लांबवण्यात आला आणि थॉमस आर्चर या वास्तुकाराने १७०३ मध्ये त्याच्या माथ्यावर दगडी जलमंदिर उभं केलं. तिथून निघालेलं पाणी पायऱ्यांच्या २४ टप्प्यांवरून खाली येतं. प्रत्येक टप्प्याची घडण किंचित वेगळी ठेवलेली असल्यामुळे पाण्याचा आवाजही टप्प्याटप्प्याला बदलत जातो. या धबधब्याला पंप कधीच नव्हता. वरच्या माळावर खोदलेल्या तलावांतून पाणी केवळ उताराच्या जोरावर येतं.

चॅट्सवर्थची खरी गंमत पायथ्याशी आहे. एवढा मोठा धबधबा जिथे संपतो तिथे तळं असेल अशी कोणाचीही अपेक्षा असते, पण तिथे तळं नाही. शेवटच्या पायरीनंतर पाणी जमिनीत शिरून दिसेनासं होतं. खाली दडवलेल्या नळांतून ते वाड्यासमोरच्या एका कारंज्याकडे जातं. पाहणाऱ्याला मात्र पाणी मातीने गिळल्यासारखंच वाटतं.

आज पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत आणि मुळशी-कर्जतच्या फार्महाउसवर बाग आखणारे लोक 'तळं नसलेला धबधबा' दाखवतात, तेव्हा ती अगदी नवी कल्पना असल्यासारखी मांडली जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाग-व्यवसायाने तिला तयार मालाचं रूप दिलं, हे खरं. पण कोसळणारं पाणी ठेवायचं की साठलेलं, ते लोकांना दिसू द्यायचं की लपवायचं, हा प्रश्न किमान हजार वर्षं जुना आहे. आणि त्याचं उत्तर निव्वळ आवडीनिवडीवर फार क्वचित ठरलं. पाणी कुठून आणायचं, ते वर कोण चढवणार आणि खाली आल्यावर त्याची निगा कोण राखणार, या तीन गोष्टींनी ते ठरवलं.

जपानमध्ये अकराव्या शतकात 'साकुतेइकी' हा बाग रचण्याचा ग्रंथ लिहिला गेला. बागकामावरच्या जगातल्या सर्वांत जुन्या ग्रंथांमध्ये त्याची गणना होते. पाणी कसं पाडावं, याचा त्यात बारकाईने विचार आहे. दगडाच्या कडेवरून सलग पडद्यासारखं, दोन धारांत, एका बाजूने तिरपं किंवा दगडापासून सुटून, अशा पाणी पाडण्याच्या अनेक तऱ्हा तो सांगतो. याच ग्रंथात पाण्यावाचूनच्या, नुसत्या दगडांच्या रचनेचाही उल्लेख आहे. पुढे १३३९ मध्ये मुसो सोसेकी या झेन भिक्षूने क्योतोच्या साइहोजी मंदिराची बाग नव्याने रचली. त्याने खालच्या भागात झाडांच्या सावलीतलं तळं ठेवलं आणि वरच्या भागात टेकडीच्या कुशीत मोठमोठ्या शिळांचा कोरडा धबधबा मांडला. त्या शिळांवरून पाण्याचा थेंबही वाहत नाही, तरी रचना अशी आहे की पाहणाऱ्याच्या मनात पाणी उतरू लागतं. एकाच बागेत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवणारा हा माणूस विलक्षणच म्हणायला हवा. १४६७ ते १४७७ या काळात ओनिन युद्धाने क्योतो उद्ध्वस्त झालं. त्यानंतर तिथल्या मंदिरांमधून कोरड्या बागांचा प्रसार झाला. त्यामागे झेनची साधना होती, तसंच जागा आणि पैसा यांची चणचणही होती, असं अनेक अभ्यासक मानतात.

हिंदुस्थानात हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. १५२६ मध्ये पानिपत जिंकून बाबर आग्र्याला पोचला. या देशात वाहतं पाणी नाही, ही त्याची मोठी तक्रार होती. काबूलच्या डोंगरउतारांवर त्याने बागा केल्या होत्या, तिथे झऱ्याला वाट करून दिली की काम भागत असे. आग्र्याला यमुनेचा सपाट काठ होता. मग विहीर खोदणं, रहाट लावणं, बैल जुंपणं आणि उंच हौदात पाणी चढवणं ओघानेच आलं. तिथून पुढे ते पाटातून वाहिलं, तरी मुळात ते उपसलेलं पाणी होतं. बैल थांबले की कारंजं बंद पडायचं.

त्याच्या वंशजांना काश्मीरमध्ये ही अडचण नव्हती. जहांगीरने १६१९ मध्ये शालिमारची उभारणी सुरू केली. नूरजहानचा भाऊ आसफखान याने १६३३ मध्ये निशात बाग केली. डोंगरातून आलेलं पाणी टप्प्याटप्प्याने उतरत शेवटी दल सरोवराच्या दिशेने जाई. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर पाणी पडतं तिथे कोरीव दगडाचे तिरपे फलक बसवलेले असत. त्यांच्या पृष्ठभागावर खवल्यांसारखी नक्षी खोदलेली असे. त्यावरून घसरणारं पाणी फुटून पांढरं होतं, आवाज करतं आणि थोडं पाणीही खूप दिसतं. काही ठिकाणी पडणाऱ्या पाण्यामागच्या भिंतीत ओळीने कोनाडे असत. दिवसा त्यांत फुलं ठेवत, रात्री दिवे. आजच्या पाण्याखालच्या विजेच्या दिव्यांपेक्षा ते दृश्य अधिक देखणं असणार, यात शंका नाही.

दख्खनला ना काश्मीरचे झरे होते, ना यमुनेचं पात्र. इथे चार महिने पाऊस आणि आठ महिने वाट पाहणं. त्यामुळे इथल्या राजांनी आधी साठवण्याचा विचार केला आणि पाणी कोसळवण्याची हौस त्यातूनच भागवून घेतली. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीतला फराहबाग महाल हे याचं एक टोक आहे. हा अष्टकोनी महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. चारी बाजूंनी तलाव आणि मधोमध हवामहाल, अशी त्याची मांडणी होती. जमिनीखालच्या नळांतून लांबून पाणी आणून हा तलाव भरत असत. वारा पाण्यावरून येऊन महालात शिरला की उन्हाळ्यात आतली हवा निवायची. इथे पाण्याचा आवाज नव्हता, नजरेचा खेळही फारसा नव्हता. इथलं पाणी बसल्या जागी काम करत होतं. आज तलाव कोरडा पडला आहे, महालाचे उंच मोकळे कमानदार भाग उभे आहेत आणि तिथे गेल्यावर उन्हाचा चटका लागतो. पाण्याशिवाय ती इमारत निरर्थक होते, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

दुसरं टोक नळदुर्गला आहे आणि महाराष्ट्रातल्या पाण्याच्या कलेचा तो कळस आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात बोरी नदीच्या वळणावर हा किल्ला उभा आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात १६१३ मध्ये इथे नदीवर दगडी धरण बांधलं गेलं. ते मुख्य किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडतं. धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल आहे, पाणीमहाल. नदी तुडुंब भरली की धरणाच्या दोन सांडव्यांवरून पाणी खाली झेपावतं. लोकांनी त्या दोन धबधब्यांना नर आणि मादी अशी नावं दिली आहेत. पाणीमहालाच्या सज्जात उभं राहिलं की समोर पाणी कोसळताना दिसतं, अंगावर तुषार येतात, भिंतीमागे अख्खा जलाशय तटलेला असतो आणि तरीही माणूस कोरडा राहतो.

नळदुर्गचं मोठेपण केवळ देखणेपणात नाही. इथे तळं हे मूळ आणि धबधबा हे त्याचं उतू जाणं. आधी वेढ्यासाठी, माणसांसाठी, जनावरांसाठी पाणी साठवायचं. त्यातून जे उरेल ते राजाने डोळे भरून पाहायचं. पाऊस कमी झाला त्या वर्षी नर-मादी वाहत नाहीत. धबधब्याला उसनं पाणी देण्याची सोयच त्या रचनेत नाही. चॅट्सवर्थच्या ड्यूकला तो संयम दाखवण्याची गरज नव्हती. डर्बिशरच्या माळावर बारा महिने पाऊस पडतो. मराठवाड्याच्या सीमेवर असं बांधकाम करणाऱ्याला आपला प्रदेश नीट ठाऊक होता, असंच म्हणावं लागतं. याच भागातल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दोन्हींचा संगम झालेला दिसतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर आणली. त्यानंतरही त्या परंपरेत नव्या नहरी होत राहिल्या. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीवर चालते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून काही किलोमीटर येतं. वाटेत उंच मनोऱ्यांतून ते चढतं-उतरतं, मग भिंतीवरून धार धरून खालच्या लांबट हौदात पडतं. हौद साधारण १६० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जाई. हौदाच्या तळाखाली दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते ऐन उन्हाळ्यात थंड राहतं. एक धार पडली, तिने दळण केलं, कानाला गारवा दिला, मग हौदात जाऊन मासे जगवले आणि खालच्या माणसांना सावली दिली. पाण्याच्या एका थेंबाकडून इतकी कामं करून घेणारी बाग आजच्या कुठल्या बाग-आरेखकाने केली असेल, तर ती दाखवायला हवी.

पुण्यातही उताराचाच आधार घेतला गेला. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधला आणि तिथून शहरात भुयारी नळ आणला. वाटेत हवा सुटण्यासाठी उच्छ्वास ठेवले. ठिकठिकाणी हौद भरले जात आणि लोक त्यांतून पाणी शेंदत. शनिवारवाड्यातलं कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं याच पाण्यावर उडे. सवाई माधवरावांच्या बालपणी ते केल्याचं सांगतात. त्याला बैलही नकोत आणि रहाटही नको. कात्रज शनिवारवाड्यापेक्षा उंच आहे, एवढंच पुरेसं होतं. त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी फ्रान्सच्या राजाची कशी दमछाक झाली होती, ते पाहिलं तर कात्रजच्या नळाचं मोल कळतं. व्हर्सायच्या कारंज्यांसाठी चौदाव्या लुईने सीन नदीवर १६८४ मध्ये मार्लीचं यंत्र उभं केलं. चौदा प्रचंड चाकं आणि दोनशेच्या वर पंप. तरीही सगळी कारंजी एकाच वेळी चालवण्याइतकं पाणी मिळालं नाही. राजा बागेत फिरायला निघाला की कामगार शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा देत. राजा पुढच्या वळणावर येण्याआधी तिथलं कारंजं सुरू होई आणि मागचं बंद होई.

नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी तलावही केला होता. त्याच्या मधल्या बेटावर सारसबाग होती. सवाई माधवरावांच्या काळात १७८४ मध्ये तिथे गणपतीची स्थापना झाली. विसाव्या शतकात तो तलाव बुजला. आज लोक चालत जाऊन दर्शन घेतात आणि तरीही पुणेकर त्याला तळ्यातला गणपतीच म्हणतात. देवळाभोवती आता छोटंसं पाणी आहे, त्यात कमळं आहेत.

तलाव बुजण्याची ही गोष्ट एकट्या पुण्याची नाही. मुंबईत धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव, दो टाकी या ठिकाणी उतरणाऱ्याला पाणी कुठेच दिसत नाही. एके काळी तिथे खरोखर तलाव होते आणि अर्धं शहर त्यांवर जगत होतं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, पुढे तुळशीचं आणि १८९२ मध्ये तानसाचं आलं. घराघरात नळ आल्यावर सार्वजनिक तलावांची देखभाल कोण करणार? त्यांत घाण साठली, पालिकेला ते नकोसे झाले आणि एकेक करून ते बुजवले गेले.

त्यातच डासांचा शोध लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. त्यानंतर साठलेल्या पाण्याकडे पाहण्याची सगळ्या जगाची दृष्टी बदलली. मुंबईत हिवतापाची साथ वाढली तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास करून १९११ मध्ये अहवाल दिला. शहराच्या दाट वस्तीत विहिरींमध्ये वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी हा डास मुख्य दोषी असल्याचं त्यांनी दाखवलं. मग विहिरी बुजवण्याची किंवा बंद करण्याची मोहीम निघाली. पारशी आणि हिंदू लोकांनी तिला विरोध केला. पूजेला विहिरीचंच पाणी हवं, त्यावर ऊन पडायला हवं, अशी त्यांची श्रद्धा होती. शेवटी काही विहिरींवर जाळ्या आणि झाकणं बसवून मधला मार्ग काढला गेला. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि हिवतापाने माणसं मरत होती. पण तलाव आणि विहिरी गेल्यावर शहरातलं भूजलाशी असलेलं नातंही गेलं, ही किंमत मोठी होती.

वाळकेश्वरचं बाणगंगा कुंड मात्र टिकलं. तिथे जिवंत झरा आहे, पाणी सतत येतं आणि समुद्राकडे निघून जातं. शिवाय तिथे रोज माणसं येतात. पाण्याला वाट आणि माणसाची वर्दळ, या दोन गोष्टी असतील तर तळं जगतं, याचं बाणगंगेइतकं ढळढळीत उदाहरण मुंबईत दुसरं नाही.

मुंबईतले तलाव बुजत होते त्याच सुमारास युरोपात तळ्याला नवा बहर आला होता. त्याला कारण होतं एक फूल. चॅट्सवर्थचाच मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८४९ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलं राक्षसी पानांचं व्हिक्टोरिया कमळ काचघरातल्या तापवलेल्या हौदात फुलवून दाखवलं. त्या पानाच्या मागच्या शिरांची रचना पाहून त्याला १८५१ च्या लंडन प्रदर्शनातल्या क्रिस्टल पॅलेसची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. पुढे फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक या माणसाने थंडीत टिकणारी रंगीत कमळं संकराने तयार केली आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. चित्रकार क्लोद मोने याने त्याच्याकडूनच कमळं मागवली. मोने जिव्हर्नी गावात राहत होता. १८९३ मध्ये त्याने तळ्यासाठी नदीच्या फाट्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली, तेव्हा गावकरी बिथरले. ही परदेशी झाडं पाणी विषारी करतील आणि खालच्या अंगाची जनावरं मरतील, अशी भीती त्यांना वाटत होती. परवानगी मिळाली आणि त्या तळ्याने चित्रकलेचा इतिहास बदलला. त्या तळ्याची निगा राखायला स्वतंत्र माळी होता. तो होडीतून फिरून मेलेली पानं काढायचा, कमळाच्या पानांवरची धूळ धुवायचा. मोनेची चित्रं पाहताना त्या माळ्याचीही आठवण ठेवायला हवी.

तळ्याला रोज हात लागतो, हीच त्याची अट असते. झाडांची पानं पडून कुजतात, शेवाळ धरतं, मासे असतील तर त्यांच्या विष्ठेने पाणी बिघडतं, मग गाळणी लागते. त्या बदल्यात तळं जे देतं ते दुसरं काहीच देत नाही. पावसाळ्यात बेडूक अंडी घालतात, चतुर घिरट्या घालतात, पक्षी पाणी प्यायला येतात, कमळ फुलतं. गप्पी मासे सोडले तर डासांच्या अळ्या ते फस्त करतात. म्हणूनच महाराष्ट्रातल्या नगरपालिका आजही तळ्या-विहिरींत गप्पी सोडतात. उथळ, सिमेंटचं, रिकामं टाकं आणि खोल, वनस्पती-मासे असलेलं तळं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डासांचा धोका पहिल्यात असतो. घरातल्या मंडळींनी दोन्हींना एकच समजून 'डास होतील' म्हणत तळं नाकारलं, असं पुष्कळदा घडतं.

तळं नसलेल्या धबधब्याची रचना याच कष्टांपासून सुटका करायला झाली. जमिनीत खड्डा करून त्यात जाड रबरी किंवा प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्यात पोकळ प्लास्टिकचे साचे किंवा मोठे दगड भरतात आणि वर गोटे पसरतात. एका उभ्या पोकळीत पाण्यात बुडणारा पंप असतो. तो पाणी नळीने वर नेऊन दगडांच्या रांगेवर सोडतो आणि ते पाणी खाली येऊन गोट्यांमधून पुन्हा खड्ड्यात शिरतं. उघडं पाणी नसल्यामुळे रांगणाऱ्या मुलाला बुडण्याची भीती नाही, डासांना जागा नाही, पंपाचं बटण बंद केलं की काम संपलं. घरात लहान मूल असेल तर या एका गोष्टीसाठीही हा पर्याय निवडावा.

पण हिशेब नीट करायला हवा. नुसत्या दगड-गोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात पाण्याला जेमतेम तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक जागा उरते. त्यामुळे बाहेरून मोठा दिसणारा खड्डा प्रत्यक्षात थोडंच पाणी धरतो. पंप बंद झाल्यावर वरच्या दगडांवरचं सगळं पाणी एकदम खाली येतं, तेही त्यात मावायला हवं. खड्डा लहान केला की चालू असताना पंप कोरडा पडतो आणि बंद झाल्यावर पाणी अंगणात पसरतं. शंभर वॅटचा छोटा पंपसुद्धा दिवस-रात्र चालला तर महिन्याला सुमारे ७२ युनिट वीज खातो. संध्याकाळचे तीन तास चालवला तर नऊच युनिट लागतात. धबधबा पाहायला कोणी नसताना तो चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. व्हर्सायच्या कामगारांची शिट्टी इथे उपयोगी पडावी.

पाण्याचं बाष्पीभवन दोन्हींत होतं. उघड्या तळ्याचा पृष्ठभाग १०० चौरस फूट असेल आणि मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोज सुमारे ७५ लिटर भरावं लागतं. कमळाच्या पानांनी अर्धं पाणी झाकलं आणि पश्चिमेला एखादं झाड असलं तर ते कमी होतं. धबधब्याचं पाणी गोट्यांखाली दडलेलं असतं, तरी पडताना ते बारीक थेंबांत फुटतं, वाऱ्यावर उडतं, तापलेल्या दगडांवर पसरतं. वारा असलेल्या उघड्या जागेवर उंच धबधबा करणं म्हणजे पाणी हवेत सोडून देणं आहे.

मग निवड कोणती? ज्या घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी गोळा होतं, ज्या घरात रोज सकाळी बागेत कोणीतरी उतरतं आणि मुलं मोठी झाली आहेत, तिथे तळंच करावं. ते निदान दोन-अडीच फूट खोल असावं, त्याच्या काही भागावर सावली असावी आणि पावसाळ्यात उतू जाणारं पाणी झाडांच्या मुळांशी किंवा शोषखड्ड्यात जाईल अशी वाट आधीच काढून ठेवावी. घर शनिवार-रविवारपुरतंच उघडत असेल किंवा लहान मुलं असतील, तर तळं नसलेला छोटा धबधबा बरा, दोन फुटांपेक्षा उंच नको. ज्या वसाहतीत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे दोन्हींपैकी काहीही करू नये. टँकरचं पाणी कुठल्या तरी गावच्या विहिरीतून उपसलेलं असतं.

आणि एक विनंती. महाराष्ट्रात गावोगावी जुन्या बारवा, कुंडं, हौद गाळाने आणि कचऱ्याने भरलेले आहेत. गेल्या काही वर्षांत अनेक तालुक्यांतली हौशी मंडळी आठवड्याच्या सुट्टीला जमून त्यांतला गाळ उपसत आहेत. अंगणात नवा खड्डा खणायला घेण्याआधी वाचकांनी आपल्या गावातली बारव कुठे आहे ते शोधावं, एखाद्या रविवारी फावडं घेऊन तिथे जावं आणि बागेसाठी ठेवलेल्या पैशांतला निम्मा वाटा तिच्या डागडुजीला द्यावा.